दारुड्याच्या भूमिकेसाठी पॅरोल

पोलीस पाटील हा पोलीसही नसतो आणि पाटीलही नसतो. त्याला वर्दी नाही, काठी नाही, पगार नाही. मानधन असतं, आणि ते उशिरा का होईना आलं की गाव म्हणतं, पाटलाची मजा आहे बुवा. गावात कोणी विहिरीत पडलं, कोणाला साप चावला, कोणाच्या गोऱ्ह्यावर वाघ बसला, की ठाण्यात पहिली खबर त्यानं द्यायची. पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ बसायचं तेही त्यानंच. माझ्या आयुष्याचा बराच भाग मी दुसऱ्यांच्या प्रेतांजवळ माश्या हाकत काढला आणि साठी झाल्यावर सरकारनं मला सन्मानानं मोकळं केलं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या भागातले थरारक अनुभव लिहा. थरारक म्हणजे त्यांना वाघ हवा होता हे मला कळलं. वाघ मी पाहिलाय. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि तो नाल्यात उतरून गेला, त्यापुढे सांगण्यासारखं काही घडलं नाही. म्हणून मी पॅरोलबद्दल लिहितो. त्यात वाघ नसला तरी माणसं आहेत.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या मंडईच्या नाटकाला मला बसायला खुर्ची मिळणार नाही. वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठाला आहे एवढं पुरे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. नदीवरचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि थोड्याच अंतरावर ब्रह्मपुरी. तिकडेही मधली काही वर्षं बंदी होती, मग ती उठली. ज्या दिवशी उठली त्या दिवशी आमच्या गावातल्या अनेकांना ब्रह्मपुरीत तातडीची कामं निघाली. कोणाला बियाणं पाहायचं होतं, कोणाला चष्मा. गावात मात्र दारू नाही. तसा फलकच आहे वेशीवर, "दारूमुक्त गाव", हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. पिणारे पुलापलीकडे पितात आणि फलकाखालून घरी येतात, त्यामुळे फलक खोटा आहे असं कोणाला म्हणता येत नाही.

आता पॅरोल म्हणजे काय ते सांगतो. शिक्षा झालेल्या कैद्याला घरच्या अडचणीसाठी काही दिवस सुट्टी मिळते. तो जेलमध्ये अर्ज करतो, अर्ज ठाण्यात येतो आणि ठाण्यातले जमादार मोटारसायकलवर बसून पोलीस पाटलाकडे येतात. विचारायच्या गोष्टी मोजक्याच. सांगितलेलं कारण खरं आहे का, माणूस आला तर गावाची शांतता भंगेल का, आणि त्याच्यासाठी जामीन कोण राहणार. हे सगळं चहाबरोबर व्हायचं आणि चहा माझ्या घरचा असायचा.

कारणं पाहून मला माणसांची गंमत वाटायची. एकानं आजी गंभीर आजारी असल्याचं लिहिलं होतं. आजी वारून बरीच वर्षं झाली होती. मी जमादारांना म्हटलं, आजार खरंच गंभीर आहे, बरं व्हायचं काही लक्षण दिसत नाही. जंगलाकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, कुमरे म्हणून एकजण होता, जमिनीच्या भांडणात डोकं फोडून आत गेलेला. त्यानं कारण लिहिलं धानाची कापणी. आला, धान कापलं, बांधलं, पुंजणं रचलं आणि सुट्टी शिल्लक असताना परत निघाला. मी म्हटलं, अजून दिवस आहेत तुझे. तो म्हणाला, "काम झालं ना पाटीलभाऊ. आता इथी बसून काय करू?" जेलवाल्यांना लवकर आलेला कैदी कसा घ्यायचा हे ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला बराच वेळ दरवाजाबाहेरच बसवून ठेवलं. सगळ्या नोकरीत खरं कारण लिहिणारा मला तो एकच भेटला.

आता बाबुराव. बाबुराव आमच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि माईक दिसला की घसा साफ करायची सवय. एकदा ठाण्याचे नवे साहेब तोंडानं फुंकायचं यंत्र घेऊन गावात आले. प्यायलेल्या माणसानं फुंकलं की ते ओरडतं, हे लोकांना दाखवायचं होतं. फुंकायला कोणी पुढे येईना. साहेब म्हणाले, अध्यक्षांनीच सुरुवात करावी. बाबुरावांनी सगळ्यांसमोर छाती भरून फुंकलं आणि यंत्र असं ओरडलं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बाबुराव शांतपणे म्हणाले, "खोकल्याचं औषध घेऊन राह्यलो जी सध्या." साहेबांनी यंत्र पिशवीत घातलं. पुढे त्या यंत्राचं काय झालं ते माहीत नाही, पण बाबुरावांचा खोकला काही बरा झाला नाही.

असे असले तरी बाबुराव कामाचे माणूस. शेजारच्या गावातल्या मास्तरांना एका बाहेरच्या ट्रकवाल्यानं दारूच्या नशेत उडवलं, तेव्हा त्यांनी सगळं गाव रस्त्यावर बसवलं. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. दुपारभर गाड्या अडल्या. तहसीलदार आले तेव्हा बाबुरावांनी निवेदन वाचून दाखवलं. दारू पिऊन जीव घेणाऱ्याला खुन्यासारखी शिक्षा द्या, जामीन देऊ नका, पॅरोल तर मुळीच देऊ नका. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण मागणी बरोबर होती आणि आजही मला ती बरोबर वाटते. ट्रकवाला परप्रांतातला होता, त्यामुळे मोर्चात एकही माणूस कमी पडला नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. गजू नावाचा आमच्याच गावचा पोरगा, वच्छलाबाईचा एकुलता एक. जीप चालवायचा. गावातल्या किती बायांना त्यानं वेळेवर दवाखान्यात नेलं असेल, याचा हिशेब नाही. भाडं कधी तोंड उघडून मागितलं नाही. शिवाय तो नट होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, सोयरिकी जुळतात आणि रात्रभर नाटक चालतं. आमच्या समितीचं नाटक दरवर्षी एकच, दारूनं संसार कसा बुडतो याचं. त्यात दारुड्याचं काम गजूचं. तिसऱ्या अंकात तो बायकोच्या पायावर डोकं ठेवायचा तेव्हा मैदानातल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. लोक म्हणायचे, किती खरं काम करतो पोट्टा. खरं असायला काही अडचण नव्हती, कारण नाटकाआधी तो पुलापलीकडे जाऊन यायचा.

एका संध्याकाळी, दिवस बुडायच्या आधी, तो ब्रह्मपुरीला लग्नाची माणसं सोडून रिकामी जीप घेऊन परत येत होता. पुलाकडून येताना गावाजवळ एक वळण आहे. तिथे पुंडलिक सायकलला गवताचा भारा लावून सायकल हातानं ढकलत चालला होता. गजूनं त्याला भाऱ्यासकट बाजूच्या बांधीत, धानाच्या शेतात, नेऊन टाकलं.

मी पोचलो तेव्हा पुंडलिकमध्ये जीव नव्हता. गजू शेताच्या धुऱ्यावर बसून रडत होता. वास इतका होता की मला विचारावंही लागलं नाही. मी प्रेताजवळ बसलो, नेहमीसारखा. पुंडलिकची बायको शेवंता आली, तिनं नवऱ्याच्या तोंडावरचं गवत बाजूला केलं आणि ती माझ्या शेजारी बसून राहिली. पोलीस आले, गजूला नेलं, दवाखान्यात त्याचं रक्त घेतलं. मी पाहिलं ते आणि हुंगलं ते ठाण्यात सांगितलं.

इथून गावाची अक्कल कामाला लागली. रस्त्यावर बसून कडक शिक्षा मागितलेलं हे तेच गाव. आता शिक्षा गजूला होणार होती. बाबुरावांच्या ओसरीवर बैठक झाली. गजू प्यायलेला नव्हता, त्याला चक्कर आली, असं आधी ठरलं. पण रक्त तपासणीला गेलेलं होतं. मग ठरलं की चूक पुंडलिकची, तोच पिऊन झोकांड्या खात जीपसमोर आला. मी म्हटलं, पुंडलिक गावात पिऊन आला म्हणता, मग वेशीवरच्या फलकाचं काय? बाबुराव म्हणाले, "तो बी पलीकडूनच पेऊन आला असंन." मी म्हटलं, सायकलवर गवताचा भारा लावून? "गवत येताना घेतलं असंन गा," बाबुराव म्हणाले. म्हणजे माणूस पूल ओलांडून गेला, प्याला, परत आला, बांधीत उतरला, भाराभर गवत कापलं आणि मग नशेत जीपखाली आला. गावानं हे मान्य केलं.

पुंडलिकनं जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो आता काही बोलणार नव्हता आणि गजू अजून जिवंत होता, त्यामुळे गावाला हा व्यवहार सोपा गेला.

कोर्टात गावातले लोक एकामागून एक उभे राहिले आणि पुंडलिक कसा झुलत होता ते त्यांनी सांगितलं. जे त्या वेळी चामोर्शीला सासरवाडीत होते त्यांनीही पाहिलं होतं. माझी साक्ष एकट्याची उलटी. पण रक्ताचा अहवाल होता, प्रेताच्या तपासणीतही दारू निघाली नव्हती, आणि न्यायाधीशांनी गावाचं ऐकलं नाही. गजूला चांगली काही वर्षांची शिक्षा झाली. माझ्या घरी हळदीकुंकवाला यायच्या बाया कमी झाल्या. माझी बायको म्हणाली, बरं झालं, साखर वाचली.

कोर्टानं निकाल दिला तरी गावाचा निकाल बदलला नाही. पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर पुंडलिक प्यायलेलाच राहिला. आणि यात खरं मरण होतं ते शेवंताचं, कारण तिची मुलगी मनीषा लग्नाची होती. मंडईत पाहुणे मुलगी पाहायला येतात आणि आधी पानठेल्यावर चौकशी करतात. एक चांगलं स्थळ असंच परत गेलं. शेवंता मला म्हणाली, "बाप दारुडा होता म्हणतेत. घरात तसंच वळण असंन म्हणून गेले पाहुणे." तिनं हे रडून सांगितलं नाही. धान पाखडता पाखडता सांगितलं.

गजू शिक्षेत असताना मंडई आली आणि नाटकाला दारुडा नव्हता. बाबुरावांनी त्याच्याकडून अर्ज करवला, आई गंभीर आजारी. तेव्हा नियम सैल होते. जमादार आले, माझ्याकडे चहा झाला. मी म्हटलं, वच्छलाबाई आज सकाळी डोक्यावर काड्यांची मोळी घेऊन जाताना दिसली. जमादार म्हणाले, "म्हातारं माणूस आहे पाटील, आजार आतल्या आत असतो." अर्ज मंजूर झाला. गजू आला, त्यानं दारुड्याचं काम केलं, आणि गंभीर आजारी आईनं मंडईत भज्यांचं दुकान लावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही ती मंडईच्या सुमारास आजारी पडली. एरवी वर्षभर तब्येत उत्तम असायची. शेवंता त्या दोन्ही मंडयांना घराचं दार लावून बसली होती.

मग पॅरोलचे नियम कडक झाले. जमादारांनी मला समजावून सांगितलं की यापुढे कारण प्रत्यक्ष पाहून खात्री करायची, आणि ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांचंही म्हणणं लिहून घ्यायचं. बाबुरावांना कळलं तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं, आपल्या निवेदनाचा परिणाम आहे हा, सरकारला आपलं ऐकावं लागलं. सत्कार घ्यायची त्यांची तयारी झाली होती. गजूचाही यात नंबर लागतो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाटीलभाऊ, हा नियम बाहेरच्याईसाठी असंन ना?" मी म्हटलं, निवेदनात तसं लिहायचं राहून गेलं.

त्या वर्षी पुन्हा अर्ज आला. मी शेवंताकडे गेलो. ओट्यावर बसून सरळ विचारलं, गजू काही दिवस गावात यावा याला तुझी हरकत आहे का.

तिला असं विचारणारं तोवर कोणी भेटलंच नव्हतं. ती म्हणाली, "माही हरकत नाई. पण गावानं एक डाव सांगाव. सगळ्याईसमोर. पुंडलिक पेला नव्हता म्हणून. ज्याईनं कोर्टात सांगतलं त्याईनंच सांगाव. मग मी अंगठा म्हनान तं अंगठा देतो, सही म्हनान तं सही."

मी म्हटलं, आणि नाही सांगितलं तर?

"तं मग दारुडा दुसरा पाहा म्हणा," शेवंता म्हणाली. "गावात काही कमी हायेत का?"

मी निरोप पोचवला. बाबुराव दिवसभर अस्वस्थ होते. खरं बोलावं तर कोर्टात खोटी साक्ष दिल्याचं कबूल होणार, न बोलावं तर नाटक बुडणार. नाटकाची तिकिटं आसपासच्या गावांत विकली गेली होती, त्यामुळे शेवटी सत्याच्या बाजूनं विचार सुरू झाला. ग्रामपंचायतीसमोर सभा ठरली. वच्छलाबाईचा आजार पाहायला जमादारही त्याच दिवशी येणार होते. बाबुरावांनी दोन्ही कामं एकत्र उरकायचं ठरवलं.

सभेला मी पोचलो तेव्हा कडुनिंबाखाली खाट होती. खाटेवर वच्छलाबाई, गळ्यापर्यंत गोधडी, कपाळावर ओलं फडकं. चौघांनी तिला घरून खाटेसकट उचलून आणलं होतं. दिवस उन्हाचा होता आणि म्हातारीला घाम फुटला होता. बाबुरावांनी जमादारांना तो घाम दाखवला. "पाहा जी साहेब, अंग कसं पाझरून राह्यलं. काही खरं नाई." जमादार खुर्चीवर बसले. शेवंता पायरीजवळ उभी होती, मनीषा तिच्या मागे.

बाबुरावांनी घसा साफ केला. पुंडलिक देवमाणूस होता, म्हणाले. गजूही आपलंच लेकरू. जे घडलं ते फार वाईट घडलं. दारू ही समाजाला लागलेली कीड आहे. टाळ्या पडल्या. बाबुराव बसायला लागले.

शेवंता म्हणाली, "पेला कोण होता?"

बाबुराव अर्धवट वाकलेले तसेच थांबले. "आता बाई, ते कोर्टानं सांगतलंच हाये."

"कोर्टानं सांगतलं. तुमी काऊन नाई सांगत?"

कोर्टात साक्ष देणारे सगळे हजर होते. एकाला अचानक चप्पल नीट करावीशी वाटली. दुसरा माझ्याकडे असा पाहत होता की जणू मीच हे सगळं आणलं. शेवंता वाट पाहत उभी राहिली. मग ती मनीषाचा हात धरून घराकडे वळली.

तेव्हा खाट करकरली. वच्छलाबाईनं गोधडी बाजूला टाकली, कपाळावरचं फडकं काढून खाटेवर ठेवलं आणि पाय खाली सोडले. बाबुराव हातानं निजा निजा अशी खूण करत होते. ती चालत सभेच्या मधोमध आली आणि चांगल्या मोठ्या आवाजात बोलली.

"माहा पोट्टा पेला होता. पुलापलीकडून पेऊन आलता. पुंडलिक नाई पेला. त्या दिवशी दुपारी माह्या घरचं पाणी पेऊन तो वावरात गेलता. मले सगळं माहीत होतं. गाव बोलून राह्यलं होतं, न मले बरं वाटून राह्यलं होतं." ती शेवंताकडे वळली. "माह्यासाठी नको बोलू काही. पोरीसाठी ऐकून घे."

मी पुष्कळ पंचनामे पाहिले, साक्षी ऐकल्या, साहेबांची भाषणं ऐकली. इतकी सरळ साक्ष त्याआधी कधी ऐकली नव्हती. म्हातारी बसली तसा तो चप्पलवाला उठला आणि म्हणाला, नव्हता पेला पुंडलिक. मग दुसरा उठला. चामोर्शीच्या सासरवाडीवालाही उठला आणि म्हणाला, मी तिथं नव्हतोच. सगळ्यांत शेवटी बाबुराव म्हणाले, "माह्यंही तेच म्हणणं होतं सुरुवातीपासून."

शेवंता माझ्याजवळ आली. "लिवा पाटीलभाऊ. माही हरकत नाई." तिनं सही केली, पूर्ण नावानं, मधे पुंडलिकचं नाव घालून.

सभा पांगली. वच्छलाबाई पायी घरी गेली आणि ते चौघं रिकामी खाट उचलून तिच्या मागे चालले.

जमादार माझ्याकडे चहाला आले. म्हणाले, "पाटील, बाई तर ठणठणीत आहे."

मी म्हटलं, आजार आतल्या आत असतो, असं तुम्हीच म्हणायचात.

"तेव्हा म्हणत होतो. आता प्रत्यक्ष पाहून लिहायचंय." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला विचारलं, मी काय लिहू. मी काय सांगणार? सगळं गाव खरं बोलायला लागून अजून तासही झाला नव्हता. मी म्हटलं, जे पाहिलं ते लिहा. त्यांनी लिहिलं. मृताच्या पत्नीची हरकत नाही. शांततेला धोका नाही. अर्जदाराची आई खाटेवरून उठून स्वतः चालत सभेच्या मध्यभागी आली व तिने खणखणीत आवाजात निवेदन केले. मीही खाली सही केली.

अर्ज नामंजूर होऊन आला. नमूद केलेले कारण आढळून येत नाही, असं एकच वाक्य. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. बाबुराव म्हणाले, "मी म्हटलंच होतं, गोधडी घट्ट खोचा म्हणून."

त्या मंडईत दारुड्याचं काम बाबुरावांनी स्वतः केलं. पहिल्या अंकात ते बरे होते. मग पडद्यामागे त्यांचा खोकला वाढला आणि तिसऱ्या अंकात बायकोच्या पायावर डोकं ठेवल्यावर ते उठेचनात. बाया रडायच्या ऐवजी हसल्या. रंगमंचाच्या वर, हार घातलेला, वेशीवरचा फलक आणून लावला होता.

मनीषाला पाहायला त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी पानठेल्यावर चौकशी केली. मी मुद्दाम तिथेच पान खात उभा होतो. पानवाला म्हणाला, "बाप सीधा माणूस होता जी. आमच्याच गावच्या पोरानं दारू पेऊन उडवला त्याले." पाहुणे पुढे शेवंताच्या घराकडे गेले. सोयरिक झाली.

मंडई उठल्यानंतर एका सकाळी मी बोरिंगवर पाय धूत होतो. वच्छलाबाई हापसत होती. तिच्या भज्यांच्या दुकानाचं विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच बोलली.

"पाटीलभाऊ, खोटी बिमार पडत होती तं पोट्टा येत होता. खरं बोलली तं नाई आला."

तिनं तक्रार केली नव्हती. कायद्यातल्या माणसाला विचारावं तसं ती मला विचारत होती, कुठे काय चुकलं म्हणून.

मागे शेवंता पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं गुंड खाली ठेवला, पुढे येऊन म्हातारीच्या हातातला दांडा घेतला आणि हापसायला लागली.

"माह्या घरचा बी नाई आला, काकी," ती म्हणाली. "सरका. तुमचा गुंड भरून देतो."